इतिवृत्त वाचून कायम

कार्डिफच्या आमच्या मराठी मंडळाची मी सेक्रेटरी झाले ती माझ्या अक्षरामुळे. निदान सभेत तसं सांगण्यात आलं. खरं कारण असं की त्या दिवशी फक्त माझ्या पर्समध्ये पेन होतं. "तुझं मराठी एकदम क्लास आहे," असं अध्यक्ष म्हणाले, आणि मी "अहो, पण..." म्हणेपर्यंत वही माझ्या मांडीवर येऊन पडली. खजिनदार व्हायला दोघे भांडत होते. सेक्रेटरीच्या जागेसाठी कोणी साधं खोकलंही नाही.

तेव्हापासून सहा वर्षं मी इतिवृत्त लिहिते आहे. इतिवृत्त म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, पण अशा भाषेत की जे झालं ते कोणाला ओळखू येऊ नये. श्रीखंड विकत आणायचं की घरी करायचं यावरून दोन बायका एकमेकींचं तोंड बघेनाशा झाल्या, की मी लिहिते, 'साधकबाधक चर्चा झाली.' हॉलचं बुकिंग करायला कोणीतरी विसरलं, की 'तांत्रिक कारणास्तव'. आणि दर सभेच्या सुरुवातीला तेच एक वाक्य, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.' सहा वर्षांत ते एकदाही कोणी वाचलेलं नाही. मी सगळ्यांना ईमेल करते, सगळे अंगठा दाखवतात, सभेत "कायम, कायम" म्हणतात आणि चहाकडे वळतात.

तीन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एका शनिवारी दुपारी मी मागच्या बागेत बसून असंच एक इतिवृत्त टाइप करत होते. कुंपणापलीकडे आमच्या शेजारीणबाई गुलाब छाटत होत्या. वय तेव्हा शहाऐंशी, उंची माझ्या खांद्याएवढी, आणि जीभ त्यांच्या कात्रीइतकीच चालणारी. इथे सगळे एकमेकांना सरळ नावाने हाक मारतात, पण एवढ्या मोठ्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना, म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांना मावशी करून टाकलं. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या आईची बहीण? तुझ्या आईला विचारलंस का?" पण हाकेला ओ द्यायला लागल्या.

"एवढं तोंड पाडून काय लिहितेस?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.

"मिनिट्स. आमच्या मंडळाचे."

"कोण वाचतं?"

"कोणी नाही."

"मग तू त्यात काय लिहितेस?"

"जे झालं ते."

मावशींनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. शुद्ध कीव होती ती. "तीन वर्षं," त्या म्हणाल्या. "पोरी, केवढी संधी वाया घालवलीस." आणि मग चहा घेऊन कुंपणाच्या अलीकडे आल्या आणि त्यांनी मला सगळं सांगितलं.

मावशी मूळच्या वरच्या खोऱ्यातल्या एका जंगलातल्या गावच्या. गाव म्हणजे लाकूड कंपनीने कामगारांसाठी डोंगरावर बांधलेली चार ओळींतली घरं. पुरुष झाडं तोडायचे, बायका रोपवाटिकेत काम करायच्या. म्हणजे दिवसभर ओल्या मातीत गुडघ्यांवर बसून देवदाराच्या जातीची बोटभर रोपं एका ओळीत लावायची, तण काढायचं, आणि दोनतीन वर्षांनी तीच रोपं पाठीवर घेऊन डोंगरावर नेऊन लावायची. मावशींचा उजवा अंगठा अजून बाहेरच्या बाजूला वाकलेला आहे, तो रोपामागची माती दाबून दाबून. तोडणाऱ्यांना तिथे कामगार म्हणत आणि लावणाऱ्यांना 'मुली'. त्यातली एक मुलगी चौपन्न वर्षांची होती.

पुरुषांना पावसाळी कोट होते. मुलींनी कमरेला गोणपाट बांधायचं. वेल्समध्ये पाऊस किती पडतो हे मी इथे राहून सांगायची गरज नाही, एवढंच सांगते की ते गोणपाट सकाळी नऊला भिजायचं आणि एप्रिलमध्ये वाळायचं.

गावात कामगार युनियनची शाखा होती. बायका तिच्या सभासद होत्या, पण शाखेची सभा पबच्या मागच्या खोलीत भरायची आणि तिथे बायकांनी जायची पद्धत नव्हती. मावशी मात्र जायच्या, कारण शाखेचे सेक्रेटरी त्यांचे वडील होते आणि त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं करवतीने नेलेली होती. त्यांना पेन धरता येत नसे. म्हणून एकोणीस वर्षांची मावशी दाराशी स्टुलावर बसून, लेमोनेडचा एक ग्लास दोन तास पुरवत, वडिलांच्या वतीने मिनिट्स लिहायची. सभा चालायची वेल्श भाषेत. मिनिट्स लिहायचे इंग्रजीत, कारण एक प्रत युनियनच्या वरच्या ऑफिसला जायची आणि तिथे वेल्श कोणाला येत नव्हतं. एक प्रत अवजारांच्या खोलीत खिळ्याला टांगायची, सभासदांच्या माहितीसाठी.

"पहिलं वर्ष मीही तुझ्यासारखीच बावळट होते," मावशी म्हणाल्या. "जे झालं ते लिहायचे."

दोनदा त्यांनी वडिलांना सांगितलं, बायकांच्या कोटांचा विषय काढा. वडील म्हणाले, बघू. विषय निघायचाही, अगदी शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' यात, आणि तेवढ्यात कोणीतरी घड्याळाकडे बघायचं. मग एका फेब्रुवारीत ती चौपन्न वर्षांची मुलगी भर पावसात रोपं लावता लावता तापाने फणफणली आणि निमोनिया होऊन दोन महिने अंथरुणाला खिळली. त्या महिन्याचे मिनिट्स लिहायला मावशी बसल्या आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'रोपवाटिकेतील स्त्रियांना पुरुषांप्रमाणेच कोट व गमबूट मिळावेत, असा ठराव सर्वानुमते मंजूर झाला.'

सभेत असं काहीही झालं नव्हतं. सभेत त्या दिवशी डार्ट्सच्या फळ्याबद्दल भांडण झालं होतं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी विचारलं, मागचे मिनिट्स वाचले असं समजायचं ना? सगळे "हो, हो" म्हणाले. अध्यक्षांनी चष्मा न लावता सही ठोकली. वरच्या ऑफिसने ठराव कंपनीकडे लावून धरला आणि जूनमध्ये कोट आले. पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं. मावशींच्या मते प्रत्येकाला वाटलं की ठराव झाला तेव्हा आपला डोळा लागला असणार, आणि ते कबूल करणार कोण? त्यानंतर मावशींची भीड चेपली. पुढच्या हिवाळ्यात सर्वानुमते बायकांना जेवायला शेगडीवाली शेड मिळाली. मग सर्वानुमते संडास. आणि चौथ्या वर्षी स्त्री कामगारांच्या प्रतिनिधी म्हणून सर्वानुमते स्वतः मावशीच निवडून आल्या.

"मी स्वतःला सुचवलं, स्वतःच अनुमोदन दिलं," त्या म्हणाल्या, "आणि आभाराचं भाषणही मिनिट्समध्येच केलं. फार छान झालं होतं."

मी घरात गेले आणि मंडळाच्या इतिवृत्तात आठवा मुद्दा घातला. 'यंदा महाप्रसादानंतरची भांडी पुरुष सभासदांनी घासावीत, असे सर्वानुमते ठरले.' पुढच्या सभेत सगळे "कायम, कायम" म्हणाले.

गणपतीत जेवणं आटोपल्यावर मी तो ठराव छापून हॉलच्या किचनच्या दाराला चिकटवला आणि कोरे रबरी हातमोजे शेजारी ठेवले. माझा नवरा दारात उभा राहून दोनदा वाचून म्हणाला, "हे कधी डिसाइड झालं यार?"

"मेच्या मीटिंगमध्ये. यू वेअर देअर."

"अरे हो, झालं होतं की डिस्कशन," अध्यक्ष म्हणाले. त्यांना आठवतही होतं! त्या चर्चेत थोडी सुधारणा आपणच सुचवली होती असंही ते म्हणाले आणि बाह्या सरसावून साठ माणसांच्या वरणाच्या पातेल्याला भिडले. आमची लेक, कार्डिफमध्येच जन्मलेली, बघायला आली आणि म्हणाली, "बाबा, तू कढई किती चांगला घासतो!" कढईचं लिंग सुधारावं असं त्या दिवशी मला मुळीच वाटलं नाही.

मावशींना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की कवळी काढून हातात घ्यावी लागली. त्यानंतर तीन वर्षं आमची दोघींची ही मजा चालू होती. मी त्यांना ठराव दाखवायची, त्या भाषा तपासायच्या. 'शक्यतो' हा शब्द कधी लिहू नकोस, असा त्यांचा सल्ला. त्यातून पुरुष निसटतात.

मग यंदाच्या वसंतात त्यांना गावाहून एक पाकीट आलं. जंगलातून आता फिरणाऱ्यांसाठी पायवाट केली आहे आणि तिच्या तोंडाशी गावाच्या इतिहासाचा मोठा बोर्ड लागणार आहे. त्याचा मजकूर जुन्या रहिवाशांना बघायला पाठवला होता. मावशी कुंपणाशी आल्या आणि त्यांनी तो माझ्यापुढे धरला. मी कागद घेतला. वर फोटो, तोडलेल्या खोडावर पाय ठेवून उभे असलेले चौदा पुरुष. खाली लिहिलं होतं की या शाखेचे पुरुष काळाच्या फार पुढे होते. इतर ठिकाणी बायकांना कोणी विचारत नसताना त्यांनी एकमताने ठराव करून आपल्या स्त्री सहकाऱ्यांना कोट, शेड आणि प्रतिनिधित्व मिळवून दिलं. आणि पुरावा म्हणून शाखेच्या मिनिट्सच्या वहीतला उतारा. मावशींच्याच सुंदर अक्षरात.

मला हसू आवरेना. मावशी हसल्या नाहीत.

"माझंच खोटं माझ्याच तोंडावर मारतायत," त्या म्हणाल्या. "ती निमोनिया झालेली बाई कुठे आहे यात? आम्ही सगळ्या कुठे आहोत? मी मेल्यावर त्यांनी काय वाटेल ते लिहावं. पण मी जिवंत असताना नाही. आता माझ्याबरोबरची एकही उरलेली नाही. हा बोर्ड एकदा लागला की तेच खरं होणार."

एवढं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मजकूर कायम करायची सभा पुढच्या शनिवारी होती. मी म्हटलं, मी गाडीने नेते तुम्हाला.

दीड तासाचा रस्ता. मावशी वाटेत बोलल्या त्या फक्त डोंगरावरच्या झाडांबद्दल. ही ओळ आम्ही लावली, ती त्यांनी तोडली, ही परत आम्ही लावली. गावच्या हॉलमध्ये सात जण बसले होते. अध्यक्ष निवृत्त शिक्षक, फाइल अंगाशी धरून बसलेले. कोपऱ्यात काठीवर हनुवटी टेकून एक ब्याण्णव वर्षांचे गृहस्थ होते, त्या जुन्या शाखेतले हयात असलेले शेवटचे सभासद. बोर्डाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होणार होतं. सभेच्या नोंदी कोण लिहिणार असा प्रश्न निघाला, सगळ्यांनी सवयीने इकडेतिकडे पाहिलं, आणि गावाशी काही संबंध नसलेल्या माझ्या हातात वही आली. हे माझ्या कपाळावरच लिहिलेलं असावं.

मी मावशींच्या कानाशी गेले. "लिहून टाकू का? बायकांबद्दलचा मजकूर मंजूर झाला म्हणून? पुढच्या वेळी वाचून कायम."

"नको," त्या म्हणाल्या. "ते मला येतं. मला हे मंजूर होताना बघायचंय."

आणि उभ्या राहून त्यांनी सरळ सांगून टाकलं. वहीतले ते ठराव कधी झालेच नव्हते. मी एकटीने लिहिले. पुरुषांना त्याचा पत्ताही नव्हता. कोट बायकांनी मागितले होते, आणि बोर्डावर तसं लिहा.

शिक्षकांचा चेहरा पडला. "पण सही आहे अध्यक्षांची," ते म्हणाले.

"चष्म्याशिवायची."

शिक्षक दुष्ट नव्हते. कागदाचे माणूस होते. ते अगदी कळवळून म्हणाले की मिनिट्सच खोटे असतील तर तो सगळा परिच्छेद काढून टाकावा लागेल. तुमचं म्हणणं खरं असेलही, पण दुसरा पुरावा काय? बोर्डावर ऐकीव काही लिहिता येत नाही. मग फक्त झाडांच्या जाती लिहू या.

म्हणजे पुरुषही गेले आणि बायकाही. मावशी टेबलाला धरून उभ्या होत्या. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्यांना इथवर आणून मी त्यांच्याच हाताने सगळं पुसायला लावलं होतं.

"काय म्हणतेय ती?" कोपऱ्यातून काठीवाल्या आजोबांनी विचारलं. त्यांना ऐकू कमी येत होतं. शेजारच्या बाईंनी त्यांच्या कानात ओरडून सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता त्यांचे खांदे हलायला लागले. म्हातारा हसत होता.

"पत्ता नव्हता?" ते म्हणाले. "आम्हाला सगळं माहीत होतं. खिळ्याला टांगलेला कागद आम्ही काढून न्यायचो. डोंगरावर जाताना लॉरीत वाचायचो. माझं इंग्रजी बरं, म्हणून मीच मोठ्याने वाचायचो. महिनाभर वाट बघायचो, आता ही काय लिहिते म्हणून. तुझ्या आभाराच्या भाषणाला तर लॉरीत टाळ्या पडल्या होत्या."

मावशींनी विचारलं, "माझे वडील होते लॉरीत?"

"होते तर. कोटाचा ठराव वाचला तेव्हा तेच म्हणाले, कोणी तोंड उघडायचं नाही."

सगळे खळखळून हसले. शिक्षकांना तर साक्षीदार मिळाल्याचा आनंद झाला, त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मलाही वाटलं आता मावशी हसतील. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पासष्ट वर्षं त्या ही गोष्ट आपल्या चलाखीची म्हणून सांगत आल्या होत्या.

"मला वाटायचं तुम्ही गाढव आहात," त्या म्हणाल्या. "गाढवांवर माझा राग नव्हता. पण तुम्ही तर वाचत होता. मग हात का नाही वर केलात? माझ्या वडिलांनी का नाही केला?"

आजोबांचं हसू थांबलं. "सगळ्यांसमोर?" ते म्हणाले. "बायकांच्या बाजूने? लोकांनी आयुष्यभर चिडवलं असतं. तू लिहीत होतीस तेच सोपं होतं, बाई."

"तुम्हाला सोपं होतं," मावशी म्हणाल्या. "मी पकडले गेले असते तर माझी नोकरी गेली असती. वडिलांचीही. चार वर्षं दर सभेला मी दाराशी बसून बघायचे, आज कोणी ती वही मागतो का. तुम्ही टाळ्या वाजवत होता."

मावशी माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, लिही. मग एकेक शब्द सांगत गेल्या. "कोट बायकांनी मागितले. ठराव एका बाईने लिहिला. पुरुषांना ते माहीत होतं. त्यांनी हात वर केला नाही."

शिक्षक चुळबुळले. "शेवटचं वाक्य जरा..." ते म्हणाले. "तेवढं आवश्यक आहे का?"

"आता करा हात वर," मावशी म्हणाल्या. "मग गाळते ते वाक्य."

सहा हात लगेच वर गेले, शिक्षकांचाही. आजोबा काठीकडे बघत राहिले. मग त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. त्यांचा उजवा खांदा कधीकाळी पडत्या झाडाने मोडलेला होता, हात कानाच्या वर जाईना, म्हणून त्यांनी डाव्या हाताने उजवं कोपर धरून तो वर ढकलला आणि तसाच धरून ठेवला. मला रडूही येत होतं आणि मावशींची भीतीही वाटत होती.

मावशींनी वेल्शमध्ये मोजायला सुरुवात केली, दुसऱ्या टोकाकडून. प्रत्येक हातापाशी त्या थांबत होत्या. माणसाच्या तोंडाकडे नीट बघून मगच पुढचा आकडा म्हणत होत्या. शेवटच्या हातापाशी आल्या आणि आकडा न म्हणता उभ्या राहिल्या.

"खाली घेऊ का?" आजोबांनी विचारलं.

"नाही," मावशी म्हणाल्या. "माझं मोजून व्हायचंय अजून."